नऊ गुण आणि एक फुली

देशातली सर्वांत सुंदर मुलगी कोण, हे ठरवायचं काम मला कुणी दिलेलं नाही, तरी मी ते गेली कित्येक वर्षं इमानेइतबारे करते. वर्षातून एकदा, रविवारी संध्याकाळी, नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. टीव्हीवर ती स्पर्धा लागते, मी शंभर पानी वही काढते, पट्टीने रकाने आखते आणि पेन्सिलीला टोक करून बसते. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. जिल्ह्यात पेठपासून निफाडपर्यंत वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून गेले. समोर कुणी माइक हातात घेऊन उभं राहिलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. मी निवृत्त झाले हे त्या हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या जोडीला दुसऱ्या परीक्षक म्हणजे तळमजल्यावरच्या भाभी. त्यांच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, पिको-फॉल असं सगळं करतात. त्यांची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती, म्हणून त्या मला अजूनही टीचर म्हणतात. कामाची वाटणी ठरलेली आहे. कपडे त्यांच्याकडे, उत्तरं माझ्याकडे, चाल दोघींनी मिळून. नवरा पेपर तोंडासमोर धरून बसतो आणि या फालतूपणात आपल्याला काडीचा रस नाही असं दाखवतो. पण कितव्या नंबरची मुलगी बाद झाली ते पेपरामागूनच आधी सांगतो.

भाभींच्या नजरेतून कपड्यातलं काही म्हणता काही सुटत नाही. एकदा एक मुलगी सोनेरी साडी नेसून आली. अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता आणि भाभी सोफ्यावरून उठून टीव्हीला नाक लावून उभ्या. "टीचर, ये देखो. साडीला चेन! साडीला कोण चेन लावतं? हा तर परकर आहे, पदरवाला." दोन गुण कापले. दुसऱ्या एकीच्या गाऊनबद्दल म्हणाल्या, "बगलमध्ये झोल आहे. ऐन वेळेला घट्ट केलंय बिचारीला. हात वर केला तर उसवणार." त्या मुलीने शेवटपर्यंत हात वर केला नाही, नमस्कारसुद्धा खालच्या खाली केला. ती बाद झाली तेव्हा भाभींना त्या शिंप्याचा एवढा राग आला की चहा गार झाला.

माझा राग वेगळ्या जागी असतो. आधी प्रत्येक मुलीची छोटी फिल्म दाखवतात. त्यात ती खिडकीतून बाहेर बघते, मग झाडाला पाणी घालते, मग लहान मुलांत बसून हसते. वीस मुली, वीस खिडक्या. मग निवेदक विचारतो, कसं वाटतंय? प्रत्येकीला स्वप्नासारखं वाटत असतं. माझ्या शाळेतली पाचवीतली पोरं सुद्धा याहून बरं काहीतरी सांगायची. एकाने मला सांगितलं होतं, बाई, पोटात कालवाकालव होतेय आणि शू लागलीय. याला म्हणतात उत्तर.

आणि ते परीक्षक! एक नट, एक खेळाडू, एक कपडेवाला, एक जुनी विजेती. मुलगी बोलत असताना नट मोबाइल बघतो. मी पेठच्या आश्रमशाळेत, पत्र्याखाली, मे महिन्यात परीक्षक म्हणून बसलेली बाई आहे. स्पर्धक बोलत असताना मी कधी पाणी प्यायले नाही. बोलणाऱ्याला समोर एक तरी चेहरा लागतो. हे या लोकांना कुणी शिकवलेलं नाही.

पण खरं सांगायचं तर मी हे सगळं त्या मुलींसाठी बघते. वीस-बावीस वर्षांच्या पोरी, पायात वीतभर टाचा, अंगावर टिकल्यांचं ओझं, आणि ओठ तासभर ताणलेले. पुढच्या फेरीची नावं पुकारतात तेव्हा ज्यांचं नाव येत नाही, त्या मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत असतात. कॅमेरा त्यांच्यावर नसतो. मला नेमक्या त्याच दिसतात, आणि मला भरून येतं. भाभी पदराने डोळे पुसतात आणि मग गुण देताना दोघी पुन्हा कसायासारख्या वागतो.

वहीत शेवटचा रकाना आहे 'सून'. तो कधी आला ते नक्की आठवत नाही. एखादी गोड हसणारी मुलगी आली की आमच्यापैकी कुणीतरी हटकून म्हणायचं, ही सून म्हणून काय शोभेल! नाशिकमध्ये मुलगे असलेल्या दोन बायका टीव्हीसमोर बसल्या की हे होणारच. इतक्यांदा म्हणायला लागलो, तेव्हा मी म्हटलं, निदान शिस्तीत तरी करू. आखला रकाना. त्यात गुण नाहीत. बरोबरची खूण किंवा फुली. मिझोरामपासून केरळपर्यंतच्या किती मुलींना आम्ही इंदिरानगरात नांदवलं आणि कितींना दारातून परत पाठवलं, याचा त्यांना पत्ताही नाही.

यंदा स्पर्धेच्या दिवशी दुपारी मुलगा म्हणाला, "आई, संध्याकाळी ऑफिसातली एक मैत्रीण येईल. हॉस्टेलवर राहते, तिथे टीव्ही बंद पडलाय." माझा मुलगा सातपूरच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे, एकोणतीस वर्षांचा. मी म्हटलं, येऊ दे की. माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. आयुष्यभर वर्गातल्या शेवटच्या बाकावर काय चाललंय ते फळ्याकडे तोंड करून ओळखणारी मी, आणि मला एवढंही कळलं नाही.

मुलगी आली. सावळी, उंचीने बेताची, साधा सुती कुर्ता, केस मागे घट्ट बांधलेले. कंपनीत माल तपासायच्या विभागात होती. गाव पेठ तालुक्यात, घरी भात-नागलीची शेती. चप्पल दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवली, ते मी पाहिलं. तिला सोफ्यावर जागा दिली, चिवड्याची बशी हातात दिली आणि टीव्हीकडे वळले. मग पुढचे दोन तास माझं तोंड थांबलं नाही.

काय काय बोलले ते आता आठवतं. एकीला म्हटलं, "चालतेय बघ, पायात चमचे बांधल्यासारखी." एकीला, "खांदे कशाला पाडतेस गं, ताठ हो!" डोंगराकडच्या राज्यातली एक मुलगी छान चालली, तर म्हटलं, "डोंगरातल्या पोरी चालायला पक्क्या. बोलायला मात्र बुजतात."

"मी पण डोंगरातलीच, काकू," ती म्हणाली.

"अगं, तुला नाही म्हटलं," मी म्हटलं, आणि पेन्सिलीने चालीला आठ गुण लिहिले.

मग शेवटची प्रश्नोत्तरांची फेरी आली. ती माझी फेरी. त्या वेळी घरात कुणी बशीसुद्धा वाजवायची नाही. केरळच्या मुलीला विचारलं, तुझं प्रेरणास्थान कोण? ती म्हणाली, माझी आई, आणि डोळ्यांत पाणी आणलं. मी उत्तराला सहा गुण दिले, पाठ केलेलं होतं म्हणून. पण चेहरा इतका लाघवी की 'सून'मध्ये लगेच बरोबरची खूण. भाभीही हो म्हणाल्या.

अकरा नंबरच्या मुलीला त्या नटाने विचारलं, यश आणि आईवडिलांचा आनंद यातलं एकच निवडायचं झालं तर काय निवडशील? तिने माइक जवळ घेतला. मग म्हणाली, "सर, मी यशस्वी झाले तर माझे आईवडील दुःखी होतील, असं तुम्ही का धरून चाललात? मुलांना तुम्ही हा प्रश्न विचारता का?" हॉलमध्ये टाळ्या. मी मांडीवर थाप मारली. "शाब्बास! याला म्हणतात उत्तर!" दहापैकी नऊ. दहा मी कुणालाच देत नाही. नऊ म्हणजे माझ्याकडे सुवर्णपदक. मग पेन्सिल शेवटच्या रकान्याकडे गेली आणि मी फुली मारली. "पण घरात रोज असं बोलायला लागली, तर मला गाशा गुंडाळून वृद्धाश्रम गाठावा लागेल!" भाभी खो खो हसल्या. पेपरामागूनही हसू आलं.

मुलाची मैत्रीण हसली नाही. जाहिरात लागली होती. तिने वही जवळ ओढून त्या ओळीवर बोट ठेवलं. "काकू, उत्तराला नऊ गुण आणि सून म्हणून फुली?"

"ते वेगळं, हे वेगळं."

"वेगळं कसं?"

"अगं, गंमत असते आमची," मी म्हटलं. "बघ, सुरू झालं."

अकरा नंबरला पहिल्या तिघींतसुद्धा घेतलं नाही. माझा पारा चढला. "यांना परीक्षक कुणी केलं? सगळ्यात चांगलं उत्तर दिलं त्याच मुलीला बाहेर काढता? घाबरता होय रे तिला?" मी टीव्हीला चांगलं झापलं. सोफ्यावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, माझं बोलणं तिला पटतंय.

कार्यक्रम संपल्यावर मुलगा तिला सोडायला गेला. मी बशा आवरत होते. भाभी उठल्या नाहीत.

"टीचर, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"तुमच्या मुलाने पूरा टाइम टीव्हीकडे बघितलंच नाही. तुमच्या तोंडाकडे बघत होता. पंख्याखाली पसीना फुटला होता त्याला." त्या थांबल्या. "ती पोरगी स्पर्धा बघायला नव्हती आली. आपल्याला बघायला आली होती."

मी बशा परत टेबलावर ठेवल्या. नवऱ्याने पेपर खाली केला. आता दोन तासांतलं एकेक वाक्य परत यायला लागलं. डोंगरातल्या पोरी. पायात चमचे. सावळ्या मुलींबद्दल काही बोलले का? बहुतेक बोलले असणार. गोऱ्यासावळ्याला मी गुण देत नाही हे मी अभिमानाने सांगते, पण जिभेला हाड नाही ते नाहीच.

मुलगा परत आला तेव्हा मी तयारीत होते. त्याने माझ्यावर ओरडावं, मग मी त्याच्यावर ओरडीन, असं मी ठरवलं होतं. तो ओरडला नाही. बूट काढता काढता म्हणाला, "लग्नाचं मी तिला विचारलंय, आई. ती म्हणाली, आधी घर बघते."

"मग बघितलं ना घर?"

"घर म्हणजे तू गं."

"काय म्हणाली?"

"विचार करते म्हणाली. एवढंच विचारलं, की अकरा नंबरला फुली का मारली? मला नाही सांगता आलं." तो आत गेला. जेवला नाही. हा मुलगा परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा दोन वेळा वाढून घेणारा.

पुढचा आठवडा मी माझ्याशीच भांडले. आधी चिडले. घरी बोलावून परीक्षा घेते होय माझी? आगाऊ कुठली. मग वाटलं, फोन करून सांगावं, गंमत होती गं. पण गंमत नव्हती, हे मला माहीत होतं. वही काढून बघितली. एका वर्षाचं पान नाही, सगळी पानं. जिथे जिथे उत्तराला आठ-नऊ गुण होते, तिथे तिथे जवळजवळ सगळीकडे शेवटच्या रकान्यात फुली. बरोबरच्या खुणा सगळ्या सहा गुणवाल्यांना. इतक्या वर्षांची वही, आणि ती लिहिणाऱ्या बाईला एकदाही ते दिसू नये!

मला बघायला आले होते ते आमच्या निफाडच्या घरी. मी बी.ए., बी.एड. झाले होते, एम.ए.चा फॉर्म भरून कपाटात ठेवला होता. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसले. सासऱ्यांनी विचारलं, "काय बाळ, पुढे शिकायचा विचार आहे का?" हो, असं अगदी ओठावर आलं होतं. फॉर्म भरलाय, आणि तुमच्या मुलाला हे विचारलं का कुणी, असंही आलं होतं. मी वडिलांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." सासरे आणि वडील एकमेकांकडे बघून हसले. त्याच दिवशी होकार कळवला. माणसं वाईट नव्हती. सासूबाईंनी मला लेकीसारखं वागवलं, माझ्या डब्याची पोळी त्या भाजायच्या. पण तो फॉर्म कपाटातच राहिला, आणि त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

भाभींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, "टीचर, हे मला नका सांगू. तिला सांगा."

रविवारी दुपारी एकटी रिक्षा करून गेले. नोकरी करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत आहे. दारात टेबल टाकून एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली. पुढचा रकाना होता 'नाते'. आयुष्यभर दुसऱ्यांचे रकाने भरले आणि इथे माझं पेन अडलं. मावशी म्हणाल्या, "नातं लिहा बाई. नातेवाईक नसेल तर आत नाय सोडत. लय कडक नियम हाये इथला."

मी म्हटलं, तिलाच खाली बोलवा.

ती खाली आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. मला बघून थबकली. मी काय काय बोलायचं ते रिक्षात नीट मुद्दे काढून ठरवलं होतं. त्यातला एकही आठवला नाही.

"त्या मुलीचे नऊ गुण खरे होते," मी म्हटलं. "फुलीपण खरी होती. तुला म्हटलं गंमत, ते खोटं. मला तिची भीती वाटली."

मावशी रजिस्टर उघडं ठेवून ऐकत होत्या.

"मला बघायला आले तेव्हा असंच एक उत्तर माझ्या तोंडात आलं होतं. मी गिळलं. म्हणून मी पसंत पडले. आता ज्या मुली गिळत नाहीत, त्या टीव्हीत असल्या की मी टाळ्या वाजवते. घरात रोज समोर असेल तर..." माझा आवाज चिरकला. तीस वर्षांत वर्गात कधी चिरकला नव्हता. "तर मला रोज दिसेल ना गं, की बोलता आलं असतं म्हणून."

तिने टॉवेलचं टोक पिळलं. मग म्हणाली, "आणि आता? आता भीती गेली?"

मला हो म्हणायचं होतं. मुलाचा आठवडाभराचा चेहरा डोळ्यांसमोर होता. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं, आणि समोरच्याला काय हवंय ते ओळखून तसंच बोलणं मला चांगलं जमतं.

"नाही गेली," मी म्हटलं. "मी चिडीन तुझ्यावर. बोलूनही जाईन काहीबाही, माझं तोंड तू पाहिलंयस. पण तू गिळू नकोस. मला तू हवी आहेस घरात. त्याच्यासाठी तर हवीच आहेस, पण मलाही हवी आहेस."

"मीपण चिडते, काकू. आणि चिडले की दोन-दोन दिवस बोलत नाही."

"बाई गं," मी म्हटलं. "दोन दिवस?"

ती पहिल्यांदा हसली. पुढचे दात किंचित वाकडे होते. इतका वेळ मी ते पाहिलेच नव्हते.

मावशींचा धीर सुटला. "ताई, कोण ह्या तुमच्या? काय लिहू मी? आत घेता का नाय?"

तिने रजिस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझ्या आहेत," ती म्हणाली. "येऊ द्या त्यांना."

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ती भराभर पुढे चढून गेली, एकदाही मागे वळली नाही. माझे गुडघे दुखतात हे तिला अजून कुठे माहीत होतं! मी कठड्याला धरून एकेक पायरी तिच्या मागून चढत राहिले.